चार ठिकाणांहून आलेलं ड जीवनसत्त्व

रुग्ण मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातल्या गृहिणी, वय ६१. मधुमेह नऊ वर्षांचा, थायरॉइड मंद असण्याचा त्रास सहा वर्षांचा, रक्तदाब चार वर्षांचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना काकी म्हणतो, दवाखान्यातही तेच म्हणतो.

गणपती होऊन गेल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात सून त्यांना घेऊन आली. दीड महिन्यापासून भूक मेली होती, अधूनमधून उलटी, पोट साफ नाही, तोंडाला सारखी कोरड आणि रात्रीतून चारपाच वेळा लघवीला उठणं. तळपायांना मुंग्या आणि जळजळ मात्र त्याआधीपासूनची. "डॉक्टर, माका जेवणाचो वासच नको झालो हा," एवढंच काकी स्वतः बोलल्या. बाकी सगळं सुनेने सांगितलं. घरच्यांना वाटत होतं साखर वाढली. तहान आणि लघवी म्हटलं की मधुमेही माणसाच्या घरात दुसरं काही सुचत नाही, आणि सणात मोदक झालेच होते.

पण साखर बरी निघाली. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ७.१. या साखरेने इतकी तहान लागत नाही. जीभ कोरडी, उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतोय, आणि बोलण्यात नेहमीपेक्षा एक मंदपणा. एरवी मासळीच्या भावापासून वाडीतल्या भांडणापर्यंत सगळं सांगणारी ही बाई खुर्चीत गप्प बसून होती.

औषधं विचारली तर उत्तर आलं, "औषधां तीनच आसत. बाकीची ती ताकदीची." ही ओळ आमच्या भागात रोज ऐकायला मिळते आणि तिच्यापाशी थांबावं लागतं. औषधाच्या यादीत ताकदीच्या गोळ्या कुणी धरत नाही. फाईलमध्ये त्यांची नोंद नसते, तपासताना विचारलं नाही तर त्या सांगितल्याही जात नाहीत. मी सुनेला घरी पाठवलं आणि कपाटात, फ्रिजवर, देवळीत जे जे आहे ते सगळं एका पिशवीत घालून आणायला सांगितलं.

टेबलावर पिशवी रिकामी केली तेव्हा तीन औषधांव्यतिरिक्त चार गोष्टी निघाल्या. प्रत्येकीमागे कुणाचा तरी जिव्हाळा होता.

पहिली, ६०,००० युनिटच्या ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलची पट्टी. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका आरोग्य शिबिरात रक्ततपासणीचं पॅकेज झालं, त्यात ड जीवनसत्त्व १६ आलं. आठवड्याला एक कॅप्सूल, आठ आठवडे, असं लिहून मिळालं. ते योग्यच होतं. पण चिठ्ठीवर आठ आठवड्यांनंतर काय, हे नव्हतं. पट्टी संपली की दुकानातून पुढची येत राहिली. "बंद कर म्हणान कोणी सांगल्यानच नाय." वर्ष उलटून गेलं तरी दर रविवारची कॅप्सूल चालू होती.

दुसरी बाटली डिसेंबरमध्ये आखातातून आलेल्या भावाने दिलेली. तिच्यावर ठळक अक्षरांत १२५ एमसीजी, म्हणजे मायक्रोग्रॅम, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ५००० आययू, म्हणजे युनिट. घरात त्यावर चर्चा झाली होती. रविवारच्या कॅप्सूलवर साठ हजार आहे, हिच्यावर एकशे पंचवीसच, म्हणजे ही हलकी, रोज घ्यायला हरकत नाही. इथे गफलत एककाची आहे. ड जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, तेव्हा १२५ मायक्रोग्रॅमचे होतात ५००० युनिट. परदेशी बाटल्यांवर मायक्रोग्रॅम मोठ्या अक्षरात असतात, आपल्याकडच्या पट्ट्यांवर बहुधा युनिट. दोन्हींची तुलना करताना शिकलेली माणसंही फसतात.

तिसरी गोष्ट मे महिन्यात मुंबईहून आलेल्या मुलाने आणलेलं मल्टिव्हिटॅमिन, पन्नाशीपुढच्या बायकांसाठीचं. रोज एक. त्यात ड जीवनसत्त्वाचे १००० युनिट, थोडं लोह, आणि बी-१२ अगदी नावापुरतं. चौथी, जूनमध्ये गुडघे दुखायला लागल्यावर मिळालेली कॅल्शियमची गोळी, सकाळ-संध्याकाळ. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व.

मी कागदावर सुनेसमोर बेरीज मांडली. ६०,००० भागिले ७, म्हणजे रोजचे साधारण ८,६००. त्यात ५०००. त्यात १०००. त्यात दोन गोळ्यांचे ५००. रोजचे १५,००० युनिट. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट आणि रोज घेण्याची वरची मर्यादा ४००० युनिट धरली आहे. काकी गरजेच्या पंचवीसपट घेत होत्या. चारपैकी एकही देणारा चुकीचं काही देत नव्हता, फक्त चौघांची बेरीज कुणी केली नव्हती.

तपासण्या आल्या. रक्तातलं कॅल्शियम ११.९ (१०.५ पर्यंत ठीक). मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन वर्षापूर्वी ०.९ होतं, आता १.५. ड जीवनसत्त्व ११८. थायरॉइड कमी पडलं की वाढणारं टीएसएच पूर्वी २.८, आता ९.६. बी-१२ फक्त १६४.

कॅल्शियम वाढलं की साठीच्या बाईत आधी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा विचार करावा लागतो, कारण त्या ग्रंथीवरची छोटी गाठ हे याचं फार नेहमीचं कारण. म्हणून पीटीएच हे संप्रेरक तपासलं. ते ८ आलं, किमान १५ असायला हवं. गाठ असती तर ते वाढलेलं दिसलं असतं, निदान इतकं दबलेलं नसतं. म्हणजे ग्रंथी बिचाऱ्या आपलं काम नीट करत होत्या. बाहेरून कॅल्शियमचा एवढा लोंढा येतोय म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला होता.

ड जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम शोषायला मदत करतं. ते अति झालं तर कॅल्शियमही अति शोषलं जातं. रक्तात कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. मग लघवी जास्त, शरीर कोरडं, तहान. कोरड्या शरीरात मूत्रपिंडाला रक्त कमी मिळतं, कॅल्शियम बाहेर टाकणं आणखी मंदावतं. त्यात भूक मेलेली आणि उलट्या, म्हणजे पाणीही आत जात नाही. काकींच्या घरी जी लक्षणं साखरेची म्हणून धरली होती ती सगळी या साखळीतली होती, बद्धकोष्ठ आणि बोलण्यातला मंदपणाही.

इथे एक अडचण होती. ड जीवनसत्त्वाची विषबाधा रक्तातला आकडा साधारणपणे १५० च्या वर गेल्यावर धरतात. ११८ वर अनेकांना काहीच होत नाही. मग काकींनाच का? उत्तर त्यांच्या तीन खऱ्या औषधांत सापडलं. जुलैमध्ये रक्तदाबाची गोळी बदलली होती आणि नव्या गोळीत क्लोरथॅलिडोन होतं. हे औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, मी स्वतः लिहितो. पण ते लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतं. आत येण्याचा दरवाजा ड जीवनसत्त्वाने उघडा ठेवला, दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम गोळ्यांतून आलं आणि बाहेर जाण्याची वाट या गोळीने अरुंद केली. जुलैत हे सगळं जुळलं, ऑगस्टअखेर त्रास सुरू झाला. एकेक गोष्ट वेगळी घेतली असती तर कदाचित निभावून गेलं असतं.

चारही वस्तू त्याच दिवशी बंद केल्या. क्लोरथॅलिडोनच्या जागी अम्लोडिपिन हे रक्तदाबाचं दुसरं औषध. सलाईनसाठी दोन दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं, हृदयाचा आलेख पाहिला, तो ठीक होता. कॅल्शियम तीन आठवड्यांत १०.३ वर आलं, भूक त्याआधीच परतली. क्रिएटिनिन हळूहळू १.० पर्यंत उतरलं. ड जीवनसत्त्व मात्र उतरायला वेळ लागतो, कारण ते चरबीत साठतं आणि तिथून झिरपत राहतं. सहा आठवड्यांनी ८६ होतं, पाच महिन्यांनी ४४. क जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, तेच डोक्यात ठेवून लोक ड जीवनसत्त्वाकडे पाहतात. हे तसं निघून जात नाही. अ, ड, ई आणि के ही चारही चरबीत विरघळणारी आहेत.

आता उरलेले दोन आकडे. माझ्या मते या प्रकरणातला जास्त शिकण्यासारखा भाग हा आहे.

टीएसएच ९.६ पाहून थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवून टाकणं सोपं होतं. पण आधी विचारलं, गोळी घेता कशी? सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी, लगेच चहा, आणि चहाबरोबर कॅल्शियम व मल्टिव्हिटॅमिन, "एकदाच काय ता उरकून टाकूचा" म्हणून. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडच्या औषधाला आतड्यात धरून ठेवतात, ते नीट शोषलंच जात नाही. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम व मल्टिव्हिटॅमिन बंद झाल्यावर आणि गोळीनंतर तासभर चहा न घेतल्यावर, डोस तोच ठेवून, दोन महिन्यांत टीएसएच ३.१ वर आलं. ताकदीसाठी घेतलेल्या गोळीने थकवा वाढवला होता.

आणि बी-१२. तळपायांच्या मुंग्या कॅल्शियमच्या नव्हत्या. काकी नऊ वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, दिवसाला २००० मिलिग्रॅम. हे औषध दीर्घकाळ घेतलं तर बी-१२ चं शोषण कमी होतं, म्हणून अशा रुग्णांत ते अधूनमधून तपासावं लागतं. काकी सोमवार, गुरुवार आणि श्रावण सोडला तर मासे खाणाऱ्या, त्यामुळे त्यांना बी-१२ कमी असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. ताटात होतं, पण शरीरात शोषलं जात नव्हतं. मल्टिव्हिटॅमिनच्या खोक्यावर बी-१२ चं नाव ठळक छापलेलं होतं, पण मात्रा इतकी लहान की शोषण बिघडलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. अशा वेळी इंजेक्शन द्यावं, नाहीतर १००० मायक्रोग्रॅमसारखी मोठी गोळी. मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का नेहमीच्या वाटेशिवायही शोषला जातो आणि तेवढा पुरतो. काकींना आधी इंजेक्शनं दिली, मग गोळी. जळजळ तीनचार महिन्यांत बरीच कमी झाली, बधिरपणा थोडा राहिला आहे.

सात नावांच्या गोळ्या पोटात जात होत्या आणि जी एक कमतरता खरोखर मज्जातंतूंना इजा करत होती ती भरली जात नव्हती. मल्टिव्हिटॅमिनबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. ते घेतल्यावर घरात समाधान येतं, आणि मग नेमकं काय कमी आहे हे शोधण्याचं राहून जातं.

पहिल्या आकड्याकडे, त्या १६ कडे, पुन्हा पाहायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. तपासणी ऑगस्टमधली. आमच्याकडे मृगापासून ऊन हरवतं ते भाद्रपदापर्यंत नीट येत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. त्यानंतर श्रावण. म्हणजे ज्या माशांत ड जीवनसत्त्व असतं ते तेलकट मासे, तारली, पेडवे, बांगडा, ताटातून गायब. गुडघे दुखतात म्हणून काकी पडवीतून अंगणातही उतरत नव्हत्या. अशा दिवसांतला आकडा म्हणजे वर्षभराची स्थिती नव्हे. तो कमी होता, त्यावर आठ आठवड्यांचा उपचार ठीक होता, पण कोकणात ऑक्टोबर ते मे दुपारच्या उन्हाला तोटा नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळच्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व बनवता येतं. खिडकीच्या काचेआडच्या उन्हात नाही, कारण लागणारे किरण काचेतून येत नाहीत. सावळ्या त्वचेला वेळ जास्त लागतो. भर उन्हात तासन्‌तास बसायला मी कुणाला सांगत नाही, पण मासळी वाळत घालणं, आंब्याच्या बागेतली फेरी, एवढ्याने बरंच साधतं.

मुळात प्रत्येक निरोगी माणसाने हा आकडा तपासायचा का? अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये २० च्या खाली कमतरता आणि ३० च्या वर पुरेसं, अशी रेघ मारली होती. २०२४ मध्ये त्याच संस्थेने ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असं सांगितलं. लहान मुलं, गर्भवती, पंचाहत्तरीपुढची माणसं, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं यांना न तपासताही थोडं ड जीवनसत्त्व द्यायला त्यांची हरकत नाही. अमेरिकेतच २५,८७१ माणसांवर झालेल्या व्हायटल चाचणीत रोज २००० युनिट घेऊन कर्करोग किंवा हृदयविकाराचं प्रमाण घटलं नाही, आणि २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत हाडं मोडण्याचंही नाही. हे निष्कर्ष सर्वसाधारण निरोगी लोकांचे आहेत. ज्याला खरी कमतरता आहे, ज्याची हाडं मऊ झाली आहेत, जो अपस्माराच्या काही गोळ्या घेतो, ज्याचं शोषण बिघडलं आहे, त्याला ड जीवनसत्त्व दिलंच पाहिजे आणि त्याने फरक पडतो. गुडघ्याच्या झिजेवर मात्र त्याचा उपयोग दिसलेला नाही. काकींचा गुडघा झिजेचाच होता.

आमच्या भागात अजून "हाडाचं इंजेक्शन" म्हणून ६ लाख युनिट एकदम टोचून घेणारे भेटतात. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले, २०१० मध्ये निष्कर्ष आले. पडणंही वाढलं आणि हाडं मोडणंही वाढलं. थोडं थोडं, रोज किंवा आठवड्याला, आणि जेवणासोबत हाच शहाणपणाचा मार्ग.

मल्टिव्हिटॅमिन कधीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. दात गेलेले, नुसत्या पेजेवर राहणारे आजोबा, दारूने पोखरलेला माणूस, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण यांना मी ते लिहून देतो. पण घ्यायचं तर ज्यात प्रत्येक घटक रोजच्या गरजेच्या आसपास आहे असं साधं घ्यावं. अमुक घटक हजार टक्के असं ज्यावर मिरवलेलं असतं ते ठेवून द्यावं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला, हे १९९४ सालीच छापून आलं आहे. बाटली उलटून मागची बाजू वाचावी. १४ अंकी एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक असेल तर कायद्याच्या नजरेत ते अन्न आहे, आणि औषधी वापरासाठी नाही अशी इंग्रजी सूचनाही तिथे सापडते. औषध म्हणून परवाना असेल तर वेगळा उत्पादन परवाना क्रमांक असतो. एखादी कमतरता बरी करायची असेल तेव्हा मी दुसऱ्या प्रकारातलं, एकाच घटकाचं औषध निवडतो.

काकींच्या सुनेनेही त्या दिवशी पर्समधून केसांसाठीची गोळी काढून विचारलं, ही चालेल का? बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. एवढं बायोटिन थायरॉइडच्या तपासणीत खोटे आकडे दाखवू शकतं, हृदयविकारात पाहतात त्या ट्रोपोनिनच्याही. तिची थायरॉइड तपासणी ठरलेली होती, ती पुढे ढकलली आणि आधी दोनतीन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली. केस गळण्याचं कारण वेगळंच निघालं, हिमोग्लोबिन ९.४.

सध्या काकी मेटफॉर्मिन, थायरॉइडची आणि रक्तदाबाची गोळी, आणि बी-१२ घेतात. कॅल्शियमसाठी नाचणी वाढवली आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, शिवाय घरात दूध आहे आणि काट्यासकट खायचे पेडवे आहेत. ड जीवनसत्त्व हिवाळा-उन्हाळ्यात काहीच दिलं नाही. येत्या जूनमध्ये आकडा पाहून ठरवायचं, गरज वाटली तर रोज १००० युनिट, सप्टेंबरअखेर बंद, आणि ती बंद करण्याची तारीख चिठ्ठीवर आधीच लिहायची. साठ हजारच्या प्रत्येक चिठ्ठीवर शेवटच्या कॅप्सूलची तारीख लिहावी आणि दुकानदारांनी त्या तारखेनंतर पट्टी देऊ नये, असं तालुक्यातल्या सहकाऱ्यांशी आणि बाजारपेठेतल्या दोन औषध दुकानदारांशी बोललो आहे. एकाने लगेच मान्य केलं. हाडांची घनता अजून तपासलेली नाही. दिवाळीत काकी मुलाकडे मुंबईला जातील तेव्हा ती तिथे होईल.